उभ्या गाडीची बॅटरी पुन्हा पुन्हा का उतरते: किनारपट्टीवरच्या घरांसाठी तपासणीचा क्रम

मालक मुंबई-पुण्याला आणि गाडी गावी, किंवा घरातल्या वडीलधाऱ्यांनी चालवणे कमी केलेली गाडी, अशा गाड्यांची ही एकच तक्रार मी गुहागर ते वेंगुर्ल्यापर्यंतच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे हाताळत आलो आहे. गणपतीला, शिमग्याला किंवा मे महिन्यात गाडी बाहेर काढायला जावे आणि नेमका त्याच दिवशी सेल्फ लागू नये. मग घाईत नवी बॅटरी बसवली जाते आणि पुढच्या सणाला तीही उतरते. नवी बॅटरी घेण्याआधी पुढील तपासण्या याच क्रमाने कराव्यात. त्यांतल्या पहिल्या दोन-तीन जवळजवळ फुकट आहेत आणि निम्म्याहून अधिक गाड्यांचा प्रश्न तिथेच सुटतो, असा माझा अनुभव आहे.

लक्षणे

बॅटरी अशक्त झाल्याची पहिली खूण बहुधा सेंट्रल लॉकिंगमध्ये दिसते. रिमोट दोन-तीनदा दाबावा लागतो किंवा दाराचा खटका मंद वाजतो. पुढे घड्याळाची वेळ चुकते. किल्ली फिरवल्यावर मीटरमधले दिवे लागतात, पण सेल्फ मारताच ते मंदावतात आणि बोनेटखालून जलद 'टकटकटक' आवाज येतो. बॅटरी उतरल्याची ही सर्वांत खात्रीची खूण होय. दिवे प्रखर राहून एकच ठसठशीत 'टक' ऐकू आला, तर दोष बहुधा सेल्फमध्ये किंवा त्याच्या जोडणीत असतो. दिवेच लागले नाहीत, तर बॅटरी पूर्ण रिकामी झाली आहे किंवा टर्मिनल सुटले आहे. इंजिन नेहमीच्या जोमाने फिरूनही चालू होत नसेल, तर बॅटरीला दोष देऊ नये. तिथे इंधनाकडे आणि इमोबिलायझरकडे, म्हणजे किल्ली न ओळखल्यास इंजिन सुरू होऊ न देणाऱ्या यंत्रणेकडे, पाहावे लागते.

जंप केबलने गाडी सुरू केल्यावर एबीएस, स्टिअरिंग वगैरेंचे इशारे एकदम उजळतात, तेव्हा अनेक जण घाबरतात. व्होल्टेज फार खाली गेल्यामुळे अनेक गाड्यांत असे होते आणि बॅटरी नीट चार्ज करून गाडी थोडी चालवल्यावर ते दिवे बहुतेकदा आपोआप विझतात. त्याआधी कोणी सेन्सर बदलायला सांगत असेल, तर थांबावे.

किती दिवसांत उतरते, हे आधी लिहून ठेवावे

सगळ्या तपासणीत सर्वांत मोलाची माहिती हीच असते आणि ती मालकाखेरीज कोणीच देऊ शकत नाही. गाडी बंद असतानाही घड्याळ, इंजिनाचा संगणक, रिमोटचा रिसीव्हर आणि चोरीविरोधी अलार्म मिळून साधारण २० ते ५० मिलिअँपिअर विद्युतप्रवाह घेत राहतात. ३० मिलिअँपिअर धरले, तर दिवसाला सुमारे ०.७ अँपिअर-तास (एक अँपिअर प्रवाह तासभर वाहिला की एक अँपिअर-तास) आणि महिन्याला जवळजवळ २१ अँपिअर-तास खर्च होतात. लहान गाडीत साधारण ३५ अँपिअर-तासांची बॅटरी असते. म्हणजे पूर्ण भरलेली, निरोगी बॅटरीसुद्धा महिनाभरात निम्म्याच्या खाली जाते. त्यात तिची स्वतःची अंतर्गत गळती असतेच, आणि उष्ण हवेत ती वाढते. म्हणून महिना-सव्वा महिन्याने सेल्फ न लागणे हा बिघाड नाही, तो हिशेब आहे. दहा-पंधरा दिवसांत उतरत असेल, तर कुठेतरी जास्तीचा खर्च आहे किंवा बॅटरीची धारणक्षमता घटली आहे. एका रात्रीत उतरत असेल, तर दिवा चालू राहणे, रिले (विजेवर चालणारा स्विच) चिकटणे, अल्टरनेटरचा, म्हणजे इंजिनावर फिरून बॅटरी चार्ज करणाऱ्या यंत्राचा, डायोड गळणे किंवा बॅटरीच्या आतल्या सहा कप्प्यांपैकी एखादा सेल मरणे यांपैकीच काहीतरी असते.

आपल्याकडची हवा यात आणखी एक फसवणूक करते. थंड प्रदेशात इंजिनातले तेल घट्ट होते आणि अशक्त बॅटरी पहिल्याच थंडीत उघडी पडते. किनारपट्टीवर थंडी नावापुरती असल्यामुळे निम्मी रिकामी बॅटरीही पेट्रोल इंजिन निमूटपणे फिरवते आणि मालकाला वाटते की सारे ठीक आहे. तेवढ्या अवधीत आतल्या प्लेटांवर लेड सल्फेटचे कठीण स्फटिक बसतात, जे नंतर चार्ज करूनही पूर्णपणे विरघळत नाहीत. उभ्या गाडीची बॅटरी वयापेक्षा या अर्धवट भरलेल्या अवस्थेत राहिल्यानेच अधिक लवकर मरते. डिझेल गाडीला सेल्फसाठी जास्त प्रवाह लागतो, त्यामुळे ती निदान लवकर तक्रार करते.

पाच मिनिटे चालू ठेवण्याची सवय

शेजाऱ्याकडे किल्ली ठेवून "आठवड्यातून पाच मिनिटं चालू कर रे" असे सांगण्याची पद्धत सर्वत्र आहे, आणि माझ्या मते ती बंद करावी. सेल्फ मारायला लागणारा प्रवाह मोठा असला, तरी तो दोन-तीन सेकंदच लागतो. त्याची भरपाई लवकर होते. न भरून येणारी तूट आहे ती उभ्या दिवसांची. बॅटरी भरत जाते तशी ती प्रवाह कमी कमी स्वीकारते, त्यामुळे शेवटचा पाचवा हिस्सा भरायला कित्येक तास लागतात. पाच मिनिटांत ते होत नाही. शिवाय इंजिन पुरते तापत नाही आणि दमट हवेतली वाफ सायलेन्सरमध्ये व तेलात पाणी होऊन राहते. गाडी चालवायचीच असेल, तर आठवड्यातून एकदा तासभर रस्त्यावर न्यावी. रत्नागिरीकरांना आरे-वारे मार्गे गणपतीपुळ्याला जाऊन येणे पुरेसे आहे. तेवढे जमणार नसेल, तर ती मुळीच सुरू न करता पुढे सांगितल्याप्रमाणे टर्मिनल सोडवून ठेवणे अधिक शहाणपणाचे.

पाना हाती घेण्याआधी

रात्री अंधारात गाडी बंद करून बाहेरून आत पाहावे. डिकीतला व ग्लोव्ह बॉक्समधला दिवा झाकण बंद केल्यावर विझतो की नाही, हे पाहण्यासाठी मोबाइल व्हिडिओ चालू करून आत ठेवावा, झाकण लावावे आणि मग चित्रीकरण तपासावे. या दिव्यांचे स्विच खाऱ्या हवेने गंजून अडकतात. पाच वॅटचा एक लहान दिवादेखील दिवसाला १० अँपिअर-तास खातो, म्हणजे तीन दिवसांत खेळ संपतो.

त्यानंतर बाहेरून बसवलेल्या वस्तू पाहाव्यात: डॅशकॅम, जीपीएस ट्रॅकर, नंतर बसवलेला स्टीरिओ, मोबाइल चार्जर, आणि स्टिअरिंगखालच्या निदान-सॉकेटमध्ये खोचलेले एखादे उपकरण. यांची वायर किल्लीवर चालणाऱ्या फ्यूजऐवजी कायम चालू असलेल्या फ्यूजला जोडलेली असेल, तर दोष सापडला असे समजावे. बटणाने सुरू होणाऱ्या गाडीची किल्ली पडवीतल्या खुंटीवर, गाडीपासून चार हातांवर लटकत असेल, तर काही गाड्या तिची चाहूल घेत वारंवार जाग्या होतात. ती घराच्या आतल्या खोलीत ठेवावी. या साऱ्याला एक पैसा लागत नाही.

टर्मिनल आणि बॅटरीचा माथा

किनाऱ्यावर सर्वाधिक वेळ इथे द्यावा, कारण इथला दोष इथल्या हवेतूनच येतो. टर्मिनलवर पांढरी किंवा हिरवट-निळी भुकटी जमली असेल, तर सेल्फला लागणारा प्रवाह तिथे अडतो आणि चार्जिंगचा प्रवाहही आत पुरेसा जात नाही. भुकटी दिसत नसली, तरी क्लॅम्प हाताने हलवून पाहावा. तो हलता कामा नये. नुसता सैल क्लॅम्प घट्ट केल्यावर सुरू झालेल्या गाड्या इतक्या पाहिल्या आहेत की ही तपासणी मी कधीच टाळत नाही.

साफ करण्यासाठी गाडी बंद करून, किल्ली काढून, आधी काळे म्हणजे ऋण टर्मिनल सोडवावे आणि मग लाल. हा क्रम असण्याचे कारण असे की गाडीचा सगळा पत्रा ऋण बाजूला जोडलेला असतो. लाल टर्मिनल आधी सोडवताना पाना पत्र्याला लागला, तर थेट शॉर्ट होतो. लावताना उलट, आधी लाल आणि शेवटी काळे. हातातली अंगठी-कडे काढून ठेवावे, हातमोजे व चष्मा घालावा. खाण्याचा सोडा कोमट पाण्यात कालवून जुन्या टूथब्रशने भुकटी धुवावी. सोड्याचे पाणी बॅटरीच्या झाकणांतून आत जाऊ देऊ नये, कारण ते आतले ॲसिड निकामी करते. नंतर साध्या पाण्याने पुसून, पूर्ण वाळवून, क्लॅम्प घट्ट करावा आणि वरून पेट्रोलियम जेली लावावी. जेली जोडणीनंतर वरून लावायची असते, दोन धातूंच्या मध्ये नव्हे.

बॅटरीचा माथाही तितकाच महत्त्वाचा आहे. धूळ, ॲसिडचा ओलावा आणि खाऱ्या वाऱ्याचे मीठ मिळून माथ्यावर वीज वाहून नेणारा थर तयार होतो आणि बॅटरी स्वतःच्याच पाठीवरून हळूहळू उतरत राहते. मल्टिमीटरची (व्होल्टेज व प्रवाह मोजणाऱ्या मीटरची) काळी सळई ऋण टर्मिनलला धरून लाल सळई प्लॅस्टिकच्या माथ्यावर फिरवली आणि आकडा काही दशांश व्होल्ट किंवा त्याहून अधिक दिसला, तर तो थर आहे असे समजावे. सोड्याच्या पाण्यात भिजवून पिळलेल्या फडक्याने तो जातो.

याच वेळी वायरी पाहून घ्याव्यात. पावसाळ्यात उंदीर उबेसाठी बोनेटखाली घर करतात आणि वायरींचे आवरण कुरतडतात. कुरतडलेली वायर दिसली, तर पुढची तपासणी थांबवून ती आधी दुरुस्त करून घ्यावी.

पाणी

बॅटरीला उघडणारी झाकणे असतील, तर प्रत्येक सेलमधली पातळी पाहावी. उतरलेल्या बॅटरीत प्लेटा झाकल्या जातील इतकेच डिस्टिल्ड वॉटर घालावे आणि खुणेपर्यंतची भरती चार्ज झाल्यावर करावी, कारण चार्ज होताना पातळी वर येते व ॲसिड बाहेर सांडते. विहिरीचे पाणी कितीही गोड असले, तरी चालत नाही. त्यातले लोह व क्षार बॅटरीची अंतर्गत गळती वाढवतात. एसीतून ठिबकणारे पाणीही घालू नये, ते धातूच्या पत्र्यांवरून आलेले असते. ॲसिड तर कधीच घालू नये.

मल्टिमीटरने मोजणे

काही शे रुपयांचा साधा मल्टिमीटर पुरतो. गाडी रात्रभर बंद ठेवून सकाळी दार न उघडता, शक्य असल्यास बोनेट आदल्या रात्रीच उघडे ठेवून, टर्मिनलवरचे व्होल्टेज मोजावे. साध्या बॅटरीत १२.६ किंवा वर म्हणजे पूर्ण भरलेली, १२.४ म्हणजे साधारण तीन चतुर्थांश, १२.२ म्हणजे निम्मी, आणि १२ च्या खाली म्हणजे जवळजवळ रिकामी. इंजिन बंद केल्या केल्या मोजलेला आकडा फुगलेला असतो, त्यावर विसंबू नये.

आकडा १२.४ च्या खाली असेल, तर आधी चार्जरवर लावावी. उतरलेल्या बॅटरीवर पुढचा कोणताही निष्कर्ष काढता येत नाही. क्षमतेच्या दहाव्या हिश्श्याइतका प्रवाह योग्य, म्हणजे ३५ अँपिअर-तासांच्या बॅटरीला साडेतीन अँपिअर. पूर्ण उतरलेली असेल, तर दहा-बारा तास लागतात. घरातल्या इन्व्हर्टरला गाडीची बॅटरी जोडून चार्ज करण्याचा उद्योग करू नये, कारण तो चार-पाचपट मोठ्या बॅटरीसाठी बेतलेला असतो आणि लहान बॅटरीला नको इतका प्रवाह देतो. चार्ज होताना हायड्रोजन वायू निघतो व तो ठिणगीने पेटतो. म्हणून बॅटरी उघड्या पडवीत ठेवावी, जवळ देवाचा दिवा, उदबत्ती किंवा विडी नसावी, आणि चार्जरचा प्लग काढल्याशिवाय चिमटे काढू नयेत.

चार्ज झाल्यावर बारा तास तशीच ठेवून पुन्हा मोजावे. कशालाही जोडलेली नसताना ती १२.४ च्या खाली घसरली, तर दोष गाडीत नसून बॅटरीत आहे. ती टिकली, तर गाडीत बसवून कोणाला तरी सेल्फ मारायला सांगावे आणि त्या क्षणी आकडा पाहावा. तो साडेनऊच्या खाली गेला, तर बॅटरी थकली आहे. झाकणे उघडणारी असतील, तर ॲसिडची घनता मोजणाऱ्या हायड्रोमीटरने सेलही तपासता येतात: सहांपैकी एका सेलची घनता इतरांपेक्षा ०.०५० किंवा अधिक कमी असेल, तर तो सेल गेला आहे आणि अशा बॅटरीवर आणखी खर्च करू नये.

चार्जिंग आणि अर्थिंग

इंजिन चालू असताना टर्मिनलवर साधारण १३.८ ते १४.५ व्होल्ट दिसावेत. बॅटरीच्या ऋण टर्मिनलवर सेन्सर असलेल्या नव्या गाड्यांत संगणक हा आकडा गरजेनुसार कमी-जास्त करतो, तिथे एकाच मोजणीवरून अल्टरनेटरला दोष देऊ नये. इंजिन चालू असताना टर्मिनल काढून "डायनामो तपासण्याची" जुनी रीत मात्र पूर्णपणे सोडावी; त्या क्षणी व्होल्टेज उसळते आणि गाडीचा संगणक जळू शकतो. आजही काही जण ती करतात, आणि मालकाने ती सरळ थांबवावी.

बॅटरी भरलेली, टर्मिनल स्वच्छ, तरी सेल्फ मंद असेल, तर इंजिनापासून पत्र्यापर्यंतची अर्थिंगची पट्टी पाहावी. समुद्राजवळच्या गाडीत ती बोल्टखाली गंजते, वरून मात्र ठीक दिसते. मल्टिमीटरची एक सळई ऋण टर्मिनलला व दुसरी इंजिनाच्या उघड्या धातूला लावून सेल्फ मारावा. अर्ध्या व्होल्टच्या जवळ आकडा गेला, तर पट्टी काढून, घासून पुन्हा बसवावी.

लपलेला खर्च शोधणे

ही घरी करण्याजोगी शेवटची तपासणी आहे आणि हात बसलेल्यांनीच ती करावी. ऋण टर्मिनल सोडवून, मल्टिमीटर १० अँपिअरच्या खाचेत जोडून, टर्मिनल व वायर यांच्या मध्ये घालावा. दाराची कडी स्क्रूड्रायव्हरने दाबून 'बंद' करावी, किल्ली दूर ठेवावी आणि अर्धा-पाऊण तास वाट पाहावी, कारण गाडीतले संगणक झोपी जायला तेवढा वेळ घेतात. घाईने पाहिलेला आकडा नेहमी मोठा असतो. ५० मिलिअँपिअरच्या वर राहिला, तर एकेक फ्यूज काढून कोणत्या फ्यूजने आकडा पडतो ते पाहावे. कोणत्याच फ्यूजने पडला नाही, तर अल्टरनेटरचा डायोड संशयित. मीटर जोडलेला असताना चुकूनही सेल्फ मारू नये, मीटर जळतो.

गाडी पुन्हा उभी ठेवताना

दोन-तीन महिने कोणी येणार नसेल, तर बॅटरी पूर्ण चार्ज करून काळे टर्मिनल सोडवून ठेवणे हा सर्वांत स्वस्त उपाय आहे. त्याआधी दार साध्या किल्लीने उघडते का ते पाहावे, डिकी विजेवर उघडत असेल तर किल्ली आत राहू देऊ नये, आणि स्टीरिओला कोड लागत असेल तर तो लिहून ठेवावा. पुन्हा जोडल्यावर काचांची 'ऑटो' सोय नव्याने शिकवावी लागते, एवढीच गैरसोय. बॅटरीची स्वतःची गळती चालूच राहते, म्हणून दोन महिन्यांनी एकदा चार्ज करवून घ्यावी.

घरात कायम कोणी असेल, तर स्मार्ट चार्जर (बॅटरी भरली की प्रवाह आपोआप कमी करणारा) लावून ठेवणे याहून चांगले. आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते आणि काही चार्जर वीज परत आल्यावर बटण दाबेपर्यंत बंदच राहतात. विकत घेताना हे विचारावे. विजांचा कडकडाट सुरू झाला की प्लग काढावा. छोटे सोलर पॅनेल उन्हाळ्यात उत्तम चालते, पण ते चार्ज कंट्रोलरसहच घ्यावे, आणि आषाढ-श्रावणात त्याच्यावर भिस्त ठेवू नये.

उतारावर सोडून गाडी सुरू करण्याचा मोह कोकणात फार असतो, कारण उतार दारातच असतो. इंजिन बंद असताना ब्रेकची व स्टिअरिंगची मदत मिळत नाही. घाटीच्या वळणावर हे जिवावर बेतते. ऑटोमॅटिक गाडी तर अशी सुरू होतच नाही. जंप केबल वापरावी: लाल चिमटा उतरलेल्या बॅटरीच्या धन टर्मिनलला, दुसरा लाल चांगल्या बॅटरीच्या धनाला, काळा चांगल्या बॅटरीच्या ऋणाला, आणि शेवटचा काळा बंद गाडीच्या इंजिनावरच्या उघड्या धातूला, बॅटरीपासून दूर. काढताना उलट क्रम.

कुठे थांबावे

बॅटरी फुगली असेल, गरम लागत असेल, ॲसिड पाझरत असेल किंवा कुजक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर तिला चार्जर किंवा जंप केबल लावू नये. दूर व्हावे आणि ऑटो इलेक्ट्रिशियनला बोलवावे. ॲसिड डोळ्यांत गेले, तर भरपूर पाण्याने धूत राहून ताबडतोब दवाखाना गाठावा. तोच फ्यूज पुन्हा पुन्हा जात असेल, तर मोठ्या अँपिअरचा फ्यूज घालू नये; ती आगीची सुरुवात असते. वायर वितळलेली दिसणे, चार्जिंग १५ व्होल्टच्या वर किंवा १३ च्या खाली राहणे, एअरबॅगच्या पिवळ्या जोडण्यांपर्यंत काम पोचणे, यांपैकी काहीही झाले तर घरचे प्रयत्न थांबवावेत. सिग्नलला आपोआप बंद होणाऱ्या गाड्यांत विशिष्ट प्रकारची बॅटरी लागते आणि काहींत तिची नोंद संगणकात करावी लागते, म्हणून ती बदलणे वर्कशॉपवर सोपवावे. हायब्रिड व इलेक्ट्रिक गाड्यांतही १२ व्होल्टची लहान बॅटरी असते व ती अशीच उतरते, पण नारिंगी, म्हणजे उच्च व्होल्टेजच्या, केबलींच्या आसपास हात घालू नये.

इलेक्ट्रिशियनला बोलवताना "बॅटरी बदलून द्या" असे सांगू नये. किती दिवसांत उतरते, रात्रभर बंद ठेवल्यावरचा आकडा, सेल्फ मारतानाचा आकडा, इंजिन चालू असतानाचा आकडा आणि बॅटरी केव्हा घेतली, एवढे त्याला सांगावे. खरेच बदलायची वेळ आली, तर जुनी बॅटरी भंगारवाल्याला न देता विक्रेत्याकडेच परत करावी. तो तिची किंमत नव्या बॅटरीच्या बिलातून वजा करतो.